सहाची राजदूत

१० नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण तांत्रिक. दादाची राजदूत मोटरसायकल दुरुस्त करायला घेतली आहे, कुठला पार्ट कधी बसवला याची नोंद हवी. भावनेचा प्रश्न नाही. वाळूदादा तापाने गेला त्याला पावणेदोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी पडवीत गंजतेय. आठ दिवसांचं काम.

आई रोज सहाला पायरीवर येऊन बसते आणि माझ्या बायकोला सांगते, "सोनाले, वाळू आला गो, चा ठेव." भातसानगरची धरणावरची ड्युटी संपवून दादा संध्याकाळी सहाला शेणव्यात घरी पोचायचा. आईला दिसतं कमी, पण कान शाबूत आहेत. खरी गाडी ऐकली की हे आपोआप थांबेल. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो, एवढं मानसशास्त्र मला कळतं.

१३ जानेवारीला म्हसा गावची जत्रा. दादा आईला मागे बसवून न्यायचा. यंदा मी नेणार.

१९ नोव्हेंबर
इंजिन खोललं. बसवता येईना म्हणून नाही, तर दुसरं मत असावं म्हणून मुरबाडहून वाल्मिक मेकॅनिकला बोलावलं. कोणी खोललं, म्हणाला. म्हटलं, मी, यूट्यूब बघून. तो बराच वेळ विडी ओढत राहिला.

चेनकव्हर सायकलच्या ट्यूबने बांधलेलं आहे. वाल्मिक म्हणाला, "वाळूदा दोनदा बदलाय आला नि दोनदा तसाच परत गेला." दादा आळशीच. मी तसा नाही.

१ डिसेंबर, सायं. ६.०५
वळणावर फट्-फट् ऐकू आलं. मागून पत्र्याची खळखळ. कोणाचा तरी पाण्याचा पंप असणार.

सोनाली म्हणाली, पंप वळण घेतो का? आणि चहाचं आधण वाढवून आत गेली. सायन्सच्या माणसाने प्रत्येक गोष्टीला उत्तर देत बसू नये.

२२ डिसेंबर
पिस्टन रिंगा, क्लच केबल, कार्ब्युरेटर, सगळं नवं. तीन बोल्ट उरले. पूर्वीच्या लोकांना जास्तीचे बोल्ट लावायची सवय होती.

पंप रोज लागतो. सहालाच. आता मीही त्या वेळेला बाहेर येतो, पाने-स्क्रूड्रायव्हर आवरायला.

७ जानेवारी, मंगळवार
नवा सायलेन्सर. नवं चेनकव्हर, चार स्क्रूंवर घट्ट. जुने पार्ट मंगळवारच्या भंगारवाल्याने नेले, बदल्यात निळी बादली दिली. सोनाली म्हणाली, आत्यांना, म्हणजे आईला, विचारायचं होतं. त्यांना पत्र्याचं काय कळतं?

८ जानेवारी
पंप नाही. दुरुस्तीला गेला असेल.

९, १०, ११ जानेवारी
पंप नाही. आई म्हणते, येल. जत्रा हाय, उशीर होत असल.

१३ जानेवारी, सायं. ७
सकाळपासून किका मारल्या. म्हशाची जत्रा राहिलीच.

पावणेसहाला एकदम सुरू झाली. शिवणयंत्रासारखी. मी ती आईच्या पायरीपुढे आणली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कोन आलाय रं? पोस्टमन का?"

आई, दादाची गाडी, म्हटलं.

"त्याची खळखळते. तो पत्रा बदलाय निघाला तं मीच त्याला सांगतलं, ऱ्हाऊ दे. खळखळीवरनंच तुजी म्हनून कलते मना." मग म्हणाली, "बंद कर ती, शेखर. सहा वाजत आलं. तो आला तं ऐकू नाय यायचा."

बंद केली. तिच्याशेजारी बसलो. सहा वाजले. सव्वासहा. मी कान वळणाकडे लावून होतो, तांत्रिक कारणासाठी.

साडेसहाला आईने आत हाक मारली. "सोनाले, चा नको ठेवू गो."

उद्या मंगळवार. रजा टाकली आहे. भंगारवाल्याने जुने पार्ट पुढे मुरबाडला पाठवले असतील तर तिकडेही जाईन.

बादली धुवून ठेवली आहे.