भरून परत केलेली थाळी

बेट, १४ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार खरोखरच गुडघे टेकून आहे, कारण तुझी फरशी पुसता पुसता लिहितोय.

माझं आयुष्य कोणत्या क्षणी बदललं ते आधी सांगून टाकतो. मंगळवारी सकाळी धक्क्यावर नोएलिया चिगुआयने बोटीतून दोर फेकला, तो मला झेलता आला नाही, सपकन तोंडावर बसला, आणि ती हसली. बस्स. वाल्दिव्हियाच्या कॉलेजात तीन वर्षं झाडांचा घेर मोजून जे कळलं नव्हतं, ते त्या ओल्या दोराने एका फटक्यात शिकवलं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तू मला अजून टोमणे मारतेस. पण सोडलं नसतं तर तू कास्त्रोला मावशीकडे पोटातलं बाळ सांभाळत पडलेली असताना इथे तुझं घर आणि तुझी पोर कुणी सांभाळली असती? दाजी तर दक्षिणेला सामन माशांच्या पिंजऱ्यांवर. त्यांना घरचे वाढदिवसही मासे आठवण करून देतील तेव्हा कळतात.

फोनची रेंज अजूनही फक्त स्मशानाच्या टेकडीवरच येते. मेलेल्यांची उत्तम सोय झालीय. जिवंतांनी पत्रं लिहावीत, म्हणजे पास्कुआलाचं शुद्धलेखन सुधारेल, हा तुझा हुकूम पाळतोय. अभ्यास जोरात आहे. सकाळी चुलीपाशी गणित, दुपारी बाहेर. काल ओहोटीला पलीकडच्या किनाऱ्यावर गेलो, खडकातल्या डबक्यांचं क्षेत्रफळ काढलं, काळ्या मानेचे हंस पाहिले आणि विज्ञान म्हणून कच्च्या कालवांवर लिंबू पिळून ती खाल्ली. पोरगी हुशार आहे. माझ्या दोन चुका काढल्या आणि वर म्हणाली की मामा, कुणाला सांगणार नाही.

तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. बेटावरची शाळा बंद पडली तेव्हाच नातीला आचाओच्या वसतिगृहात टाकायला हवं होतं, घरी बसून ती काय शिकणार, मेंढ्या मोजायला, असं म्हणाल्या. मी तुमच्या ठरावाची आठवण करून दिली: नोव्हेंबरात आचाओला बाहेरून परीक्षा द्यायची, पास झाली तर घरी राहील, नाही तर मार्चपासून नन्सच्या ताब्यात. त्या म्हणाल्या की ठराव चांगला लक्षात आहे, म्हणूनच तिच्या वसतिगृहासाठी ब्लँकेट विणायला घेतलंय. बाई आहे की वादळाचा इशारा?

आणि मुख्य बातमी शेवटी. चिगुआयांकडे डुक्कर कापलं. आपला वाटा घेऊन नोएलिया स्वतः आली. थाळीत तळलेल्या चरबीचे तुकडे, बटाट्याच्या मिलकाओ भाकऱ्या, साखरेची कडबोळी, सगळं गरम. आता आपण काय भिकारी आहोत? उद्याच मुर्ताच्या रानफळांचा मुरंबा घालून केक करतो आणि तीच थाळी काठोकाठ भरून परत नेतो. पास्कुआला म्हणते की असं करायचं नसतं. केक एकटीला खायचाय म्हणून ही नवी कायदेपंडित! अपूर्णांक सोडव म्हटलं.

लोभ असावा. कमी पडला तर मावशीकडून उसना घ्यावा.

तुझा,
तितो

———

कास्त्रो, २१ सप्टेंबर

चि. तितोस,

अनेक आशीर्वाद, आणि एक चापट राखून ठेवली आहे.

बाकीचं नंतर वाच, हे आधी वाच: ती थाळी भरून परत करू नकोस. धुऊन, पुसून, रिकामी दे, दोन शब्द गोड बोल आणि घरी ये. आपलं डुक्कर कापू तेव्हा त्यांचा वाटा त्यांच्याकडे जाईल. मधल्या काळात ते देणं आपल्यावर राहू द्यायचं असतं. लगेच फेडलं तर त्याचा अर्थ तिथे एकच होतो: तुमचं काही नको, संबंध संपला. आपण ओसोर्नोसारख्या शहरात वाढलो, आपल्याला हे कुणी सांगितलं नाही. पण माझी पोर बेटावरची आहे, ती सांगत होती ना? केक झाला असेल तर दोघं मिळून खाऊन टाका.

चुलीत ओली लाकडं कोंबू नकोस. जंगलाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, याची मावशीला फार गंमत वाटते. बियाण्याचे बटाटे अंधारात ठेव. लंगड्या कोंबडीला खुडूक होऊ दे.

नोएलियाबद्दल काय लिहू? ओसोर्नोला दंतवैद्याच्या मुलीसाठी तू धडधाकट दाढ काढून घेतली होतीस. या वेळी निदान सगळे अवयव शाबूत ठेव.

प्रेम आहे, ते तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही म्हणूनच टिकलंय.

तुझी,
एदेल्मिरा

———

बेट, २८ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं, पण केक त्याच्या आधी पोचला होता.

मी दाढी केली, शर्ट इस्त्री केला, थाळी डोक्यावर मुकुटासारखी धरून गेलो. नोएलियाच्या बाबांनी, उल्देरिकोकाकांनी, केककडे असं पाहिलं की जणू मी मेलेली घूस आणलीय. रुदेसिंदाकाकूंनी हळूच विचारलं की तुम्ही लोक बेट सोडून चाललात का. मला वाटलं बाई थट्टा करतायत. मी छाती फुगवून म्हणालो की छे छे, आम्ही कुणाचं काही ठेवत नाही, एवढंच. नोएलिया उठून आत गेली. मला वाटलं लाजली!

तेव्हापासून त्यांची बोट आपल्या धक्क्याला लागत नाही. आणि या बेटावर दुसरी बोट आहे कुठे? दवाखान्याची येते ती महिन्यातून एकदा, तीही नर्सबाईंची लहर असेल तर. नोएलिया सुकाणूवर उभी राहून क्षितिजाकडे पाहत सरळ पुढे जाते. टपालाची पिशवी तेवढी फेकते आणि आपली उचलते, कारण पत्रांनी तिचं काही वाईट केलेलं नाही.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. धक्क्यावर उभं राहून ओरडलो की नका थांबू, गेलात उडत, परीक्षेला पोरीला मी वल्हवत नेईन, तुमच्या त्या तेलकट डब्याची गरज कुणाला आहे! चर्चमधून निघालेल्या सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या सासूबाईंनी सुया खाली ठेवून ऐकलं.

मी बरोबरच आहे. केक उत्तम झाला होता.

कृपा ठेवावी, निदान दारात उभं करण्याइतकी.

तुझा,
तितो

———

बेट, ६ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि. मी बरी आहे. मामापण आता बरा आहे.

मामाने रंग उडालेली होडी उसनी आणली. परीक्षेला तिच्यातूनच जायचं म्हणून आम्ही सराव केला. मी सांगितलं की भरती उलटायला अजून वेळ आहे, आता गेलो तर वाहून जाऊ. मामा म्हणाला, प्रवाहाला काय कळतं. प्रवाहाला कळत होतं. आम्ही पाणकावळ्यांच्या खडकावर जाऊन लागलो. तिथे खूप घाण वास येतो. मामाला उलटी झाली. मग तो म्हणाला की हे भूगोलात धर.

मी अर्धी भाकरी त्याला दिली आणि पाणी कधी फिरेल ते बघत बसले. फिरलं तेव्हा सांगितलं. येताना वल्ही फार मारावी लागली नाहीत. चिगुआयांची बोट लांबून आमच्या मागेमागे येत होती, पण जवळ आली नाही. आम्ही धक्क्याला लागल्यावर ती वळली. मामाने ती पाहिली नाही. मी त्याला सांगितलं नाही, नाहीतर तो पुन्हा ओरडला असता.

आई, वसतिगृहात रात्री कंदील ठेवतात का? आजी म्हणाली की सगळ्या मुली एका वेळी झोपतात आणि एका वेळी उठतात. मी नुसतं विचारतेय.

बाळाला माझ्याकडून काहीतरी सांग. तुझ्यावर माझा लोभ आहे. (मामा म्हणाला असंच लिहितात.)

तुझी,
पास्कुआला

———

कास्त्रो, १२ ऑक्टोबर

तितो,

आशीर्वाद या वेळी पोस्टात गहाळ झाले असं समज.

पोरीला टोपलीएवढ्या होडीत घालून तू समुद्रात गेलास? मी उठूनच आले असते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पाय खाली ठेवलास तर पाय पलंगाला बांधीन. तिचं पत्र वाचून मी उशीत तोंड खुपसलं. तुझ्या मानापायी माझी पोर परक्या खोलीत, परक्या घंटेवर उठणार आहे, हे तुझ्या डोक्यात शिरतंय का?

आता मला माहीत आहे तू काय करशील. माफी मागायला आणखी एक केक घेऊन जाशील. खबरदार! काही नेऊ नकोस. रिकाम्या हातांनी जा आणि माग. बोट माग, आणि नुसती बोट नको, जे काय आपल्याकडे नाही ते सगळं माग. मी सून म्हणून आले तेव्हा वर्षभर कुणाच्या दारात गेले नाही, आपलं आपण भागवलं, तर बायकांनी मला शिष्ट ठरवलं. एक दिवस मीठ संपलं म्हणून रुदेसिंदाकाकूंकडे गेले. त्यांनी मीठ द्यायच्या आधी मला चुलीजवळ बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी एदेल्मिरा झाले. तोपर्यंत मी नुसती ‘अन्सेल्मोची शहरातली बायको’ होते.

तुला जमणार नाही, ठाऊक आहे. तरी जा. तुला दिसली नाही, पण त्या दिवशी चिगुआयांची बोट धक्क्यापर्यंत तुमच्या मागेमागे होती, हे विसरू नकोस.

रागासकट तुझीच,
ताई

———

बेट, १९ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गेलो. पास्कुआलाला अंगणात कोकरांपाशी सोडलं आणि आत गेलो.

काका बसले होते, काकू बसल्या होत्या, नोएलिया जाळं दुरुस्त करत होती. कुणी बस म्हणालं नाही. सगळ्यांत मिळून एकच असतो तो ‘माते’ चहाचा कप माझ्या नाकासमोरून दोन फेऱ्या फिरला आणि मला वगळून गेला. मी म्हणालो की काका, एक मागायचंय. ते म्हणाले की आम्हाला वाटलं तुमच्याकडे सगळं आहे. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. पण तुझी चापट आठवली आणि म्हणालो, परीक्षेच्या दिवशी पोरीला आचाओला न्यायला बोट हवी. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले की एवढ्याशासाठी आलास?

तेव्हा माझी ट्यूब पेटली. म्हटलं की नाही, बैलजोडीपण हवीय, बटाट्याचं शेत तसंच पडलंय. काका जरा सरसावले. म्हटलं, बियाणंही हवंय, कारण ताईचं मी उन्हात ठेवून हिरवं केलं. (ताई, हे तुला वेगळं सांगणार होतो.) काकूंनी स्टूल पुढे सरकवलं. म्हटलं, चुलीतून धूर येतो, नळी साफ करायला कुणीतरी हवं, आणि लंगडी कोंबडी अंड्यांवर बसत नाही, तिला काय करावं? काका खो खो हसायला लागले. म्हणाले, अरे तुझ्याकडे आहे तरी काय? चहाचा कप माझ्या हातात आला. एवढं अपमानास्पद आणि एवढं उबदार मला कधी वाटलं नव्हतं.

मग काकांनी गुडघ्यावर थाप मारली. सगळं मिळेल, म्हणाले, आता आमचंही एक काम तुझ्याकडे. डिसेंबरात लग्न आहे, सगळं बेट जेवायला येणार. कुरांतोचा खड्डा तू खणायचा, दगड तू तापवायचे, मासे, डुक्कर, बटाटे थरावर थर लावून शिजेपर्यंत तू तिथून हलायचं नाही. मी आनंदाने विचारलं की लग्न कुणाचं. नोएलियाने जाळ्यातून मान वर केली आणि म्हणाली, माझं. नवरा केयोन गावचा पाणबुड्या आहे. पत्रिका आलीच असती, पण बोट तुमच्याकडे थांबत नव्हती.

ताई, मी उठलो. स्टूल पडलं. तोंडापर्यंत काय काय आलं होतं ते लिहिलं तर कागद जळेल. तेवढ्यात अंगणात पास्कुआला कोकरांना भरतीचं वेळापत्रक शिकवत होती, ते ऐकू आलं. चुकलात तर वसतिगृहात जाल, असं त्यांना दरडावत होती.

मी स्टूल उचललं, बसलो आणि विचारलं, खड्डा किती खोल?

जो काही लोभ शिल्लक असेल तो या बिचाऱ्याकडे वळवावा.

तुझा,
तितो

———

कास्त्रो, २७ नोव्हेंबर

चि. तितोस,

अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण मापाचे.

तुला भाची झाली. आवाज तुझ्यावर गेलाय, देव तिचं भलं करो. आणि दुसरी बातमी, मावशी आचाओहून निकाल घेऊन आली: पास्कुआला सगळ्या विषयांत पास! भूमितीत जेमतेम, ते खापर तुझ्यावर फोडलंय. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं की तुला घरी कोण शिकवतं, तर म्हणाली की आई शिकवते, आणि सध्या मी मामाला शिकवते.

सासूबाई बाळाला बघायला आल्या. निकालाबद्दल चकार शब्द नाही. पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या की पुढच्या आठवड्यापासून पास्कुआलाने रोज संध्याकाळी येऊन त्यांना वाचून दाखवावं, डोळे गेलेत. मी हो म्हटलं. म्हणजे पोर घरीच राहिली.

लग्नाला जाऊ नकोस असं म्हणावंसं वाटतं. पण म्हणत नाही. तुलाही कळतं.

खूप खूप माया,
ताई

———

बेट, ६ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि नव्या बाईसाहेबांना मामाचा मुजरा. मार्चमध्ये तुम्ही बेटावर आलात की तिला हातात घेईन म्हणतो, तोवर हात स्वच्छ होतील.

खड्डा काल झाला. काका म्हणाले की इतका सरळ कडांचा खड्डा बेटाने पाहिला नव्हता. जंगलाच्या अर्धवट शिकलेल्या इंजिनियरचं हे एकमेव पूर्ण झालेलं काम. नवरदेव दुपारी आला, कोट काढला, न विचारता दुसरं फावडं उचललं आणि माझ्याबरोबर खणायला लागला. माणूस हलकट असता तर किती सोय झाली असती! हा तर दर दहा फावड्यांनी मला पाणी देत होता. मी त्याचा मनापासून द्वेष करण्याचा प्रयत्न केला आणि दगड आणायला त्याला डोंगराच्या टोकापर्यंत पाठवलं. तो हसत हसत गेला. काय करावं अशा माणसाचं?

नोएलिया केसांत मोठाले रोलर लावून खड्डा बघायला आली. काठावरून वाकून आत पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. म्हणाली की पानं पुरेशी आण, वाफ निसटली तर बटाटे कच्चे राहतात. मी म्हणालो की निसटणार नाही. मग ती गेली. मी बराच वेळ तिथे कारण नसताना माती सारखी करत बसलो.

पास्कुआला पहाटेच नवा फ्रॉक घालून काकूंकडे पळाली. तिला करवलीचं काम मिळालंय, म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडायचे. भूमिती मार्चपर्यंत पक्की करून घेतो, तू काळजी करू नकोस.

लोभ होता, आहे, असावा. आज जरा जास्तच असावा.

तुझा,
तितो

ता. क. चर्चची घंटा सुरू झाली. आता दगड तापवायला हवेत, संध्याकाळपर्यंत मला त्या धुरापाशी उभं राहायचंय. डोळे लाल झाले तर कुणी विचारणार नाही, एवढी एक सोय काकांनी नकळत करून ठेवलीय. चूल विझवली. मांजर बाहेर काढलं. फावडं खांद्यावर घेतलंय, हे शेवटचं वाक्य उंबऱ्यावर उभ्या उभ्या लिहितोय. निघालो ताई, दार ओढून घेतो.