टोकदार कडा

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. एवढ्या मोठ्या चौकशीवर नेमणूक झाली आहे, उद्या स्वतःलाच काही आठवेनासं झालं तर तारीखवार सापडलं पाहिजे. लढाईच्या टापूवरून जाणारं प्रवासी विमान पडलं. २११ माणसं गेली. दोन्ही फौजा म्हणतात, आम्ही नाही पाडलं. मग पडलं कसं? वैमानिक चुकले म्हणे. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांचं या एका मुद्द्यावर छान जमतं.
सह-वैमानिक माझा भाचा होता. ताईचा एकुलता एक.
ताईला शब्द दिला आहे. त्याच्यावर खापर फुटू देणार नाही. मी समितीत आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही.

३ मार्च, संध्याकाळी
समितीत पाच जण. माझा हुद्दा, अवशेष व्यवस्थापन प्रमुख. हाताखाली एक शिपाई. एक फॉर्म भरून घेतला, मृतांत नातेवाईक आहेत का म्हणून. रकाने : आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं. भाच्याला रकानाच नाही. ‘लागू नाही’ लिहिलं. यात खोटं काहीही नाही.

१० मार्च
तुकडे आले. अकरा ट्रक. हँगरच्या जमिनीवर पांढऱ्या रंगाने विमानाचा आराखडा आखून घेतला आहे. जो तुकडा जिथला, तिथे ठेवायचा. कॉकपिटचा उजवा पत्रा बराचसा शाबूत आहे, नुसता चाळण झालेला. भाचा उजवीकडे बसायचा. तिथे बराच वेळ उभा राहिलो. मग टॅग वाकडे लावले म्हणून शिपायाला झापलं. टॅग सरळच होते.

१४ मार्च
धातुतज्ज्ञ बाई आल्या. कमी बोलतात. उजव्या पत्र्यापुढे गुडघे टेकून तासभर बसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या की, या छिद्रांच्या कडा बघा, सगळ्या आत वळल्यात. स्फोट विमानाच्या आत झाला असता तर बाहेर वळल्या असत्या. मार बाहेरून आहे, क्षेपणास्त्राचाच. वैमानिकांना कळलंसुद्धा नसेल.
लगेच ताईला फोन. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, हे लेखी येईल ना रे? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ समज.

१७ मार्च
हँगरला शिस्त लावली. आजपासून सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा. फोटो फक्त अधिकृत कॅमेऱ्याने. कॅमेरा खरेदीची फाईल आजच वर पाठवली. बाई म्हणाल्या, तोवर मोबाईलवर चार फोटो काढून ठेवते. म्हटलं, नियम म्हणजे नियम. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. प्रभाव पडलेला दिसतो.

२४ मार्च
कॅमेऱ्याची फाईल परत आली. लेन्सचं कोटेशन वेगळं हवं.
ब्लॅक बॉक्सही आला, ज्या फौजेच्या ताब्यात होता तिच्याकडून. आत काही नाही. तांत्रिक कारण. अध्यक्ष म्हणाले, हरकत नाही, पत्रे आहेत ना. म्हणजे आता सगळी भिस्त माझ्यावर. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, जरा जपून. ही कायम अशीच.

१ एप्रिल
बाई छिद्रांभोवतीच्या काजळीचे नमुने घ्यायचं यंत्र आणायला लॅबमध्ये गेल्या. दहा-बारा दिवस लागतील. जाताना तीनदा बजावलं की पत्र्यांना कुणी हात लावायचा नाही. मला सांगतात, माझ्याच हँगरमध्ये.

२ एप्रिल
मंत्री ९ तारखेला पाहणीला येणार. संकल्प : हँगर असं दाखवायचं की नाव निघालं पाहिजे. मंत्री खूश झाले तर समितीत माझं वजन वाढेल. वजन वाढलं तर भाच्याचं काम सोपं. सरळ हिशेब आहे.

५ एप्रिल
मंत्र्यांचा सुरक्षा अधिकारी येऊन गेला. उजव्या पत्र्यावर हात फिरवला आणि बोट कापून घेतलं. जाताना लेखी शेरा : कडा टोकदार आहेत, मान्यवरांना इजा संभवते, तातडीने उपाय करावा.
बाईंना फोन लावणार होतो. पण उपाय इतका साधा, त्यात त्यांना काय विचारायचं? एका पत्रेवाल्याला बोलावलं. तोंडीच सांगितलं, सगळं धुऊन-पुसून घे आणि कडांचं जरा बघ.

८ एप्रिल
पत्रेवाला जीव ओतून काम करणारा निघाला. साबण, प्रेशरचं पाणी, वर कोरडा फडका. आणि एकेका छिद्राची कड लाकडी हातोडीने ठोकून बसवली. हात फिरवून पाहिला, कुठे काही लागत नाही. शिपाई म्हणाला, साहेब, बाईंना विचारायला हवं होतं का? त्याला चहा आणायला पाठवलं.

९ एप्रिल
मंत्री चार मिनिटं होते. दारातूनच बघितलं. छान स्वच्छ आहे म्हणाले. पत्र्याकडे फिरकलेही नाहीत.

१२ एप्रिल
बाई आल्या. पत्र्यापुढे बसल्या त्या उठेचनात. नंतर विचारलं, कुणी केलं हे? म्हटलं, सुरक्षेच्या कारणास्तव झालं. कुणी केलं? म्हटलं, वरून सूचना होती. यंत्राची पेटी न उघडता परत घेऊन गेल्या. बाई जरा भावनाप्रधान आहेत. छिद्रं काही बुजवलेली नाहीत. आहेत तिथेच आहेत.

१३ एप्रिल
झोप नाही. पित्त असणार.

२० मे
अहवालाचा मसुदा आला. पान ८८ : छिद्रे आढळली. कडा सपाट असल्याने मार आतून की बाहेरून हे ठरवता येत नाही. सबब वैमानिकांची चूक नाकारता येत नाही.
बाईंचं म्हणणं घेतलेलं नाही. फोटो नाही, नमुना नाही, नुसत्या तोंडी निरीक्षणाला अर्थ नाही, असं अध्यक्ष म्हणाले. बाईंनी काम सोडलं.
मी गप्प बसणाऱ्यातला नाही. समितीतल्या कुणालाही भिन्नमत जोडता येतं. एक पान पुरे. सह्या २३ तारखेला, पाच वाजता. तीन दिवस म्हणजे चिक्कार वेळ.

२१ मे
नवीन पेन आणलं.

२२ मे
लिहायला बसलो. पहिलं वाक्य झकास जमलं : मी स्वतः पाहिले आहे की कडा आत वळलेल्या होत्या. दुसरं वाक्य ओघानेच येतं. मग सपाट कुणी केल्या? तिथे अडलो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच. पत्रेवाल्याने परस्पर केलं असं लिहून पाहिलं. खोडलं. तो गरीब माणूस सरळ माझं नाव सांगेल.
आणि मग कुणीतरी तो फॉर्मही काढणार. भाचा असून लपवलं, वर पुरावाही घालवला. कोर्ट, पेपर, टीव्ही. ताईला काय तोंड दाखवू?

२३ मे, दुपारी ४.४०
पान कोरं. पण विचार पक्का आहे.

२३ मे, ५.०५
सही केली. समितीच्या बाहेर पडून काय हाती लागणार? आत राहिलं तर पुढेमागे काहीतरी करता येईल. ‘चूक नाकारता येत नाही’ म्हणजे चूक झाली असं थोडंच आहे. अध्यक्षांनी हँगरच्या देखभालीबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते कपाटात आतल्या बाजूला ठेवलं.

२ जून
अहवाल जाहीर. पेपरात दोघा वैमानिकांचे फोटो, खाली प्रश्नचिन्ह. युनिफॉर्ममध्ये भाचा हसतोय. दोन्ही फौजांनी अहवालाचं स्वागत केलं.
दिवसभर ताईचा फोन येईल म्हणून फोन उलटा करून ठेवला होता. शेवटी हिच्या फोनवर आला. हिने माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. वाटलं, आता ताई बोलेल, शिव्या देईल, बरं होईल. ताई रडली नाही. म्हणाली की, तू किती झगडला असशील ते मला न सांगता कळतं. पाच जणांत तू एकटा काय करणार होतास? तू होतास म्हणून निदान एवढ्यावर भागलं. तू नसतास तर काय लिहिलं असतं कुणास ठाऊक.
मी नसतो तर काय लिहिलं असतं, ते मला ठाऊक आहे.
म्हटलं, हं.