बर्फाच्या स्कूटरचं ग्रीस

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुमच्या सल्ल्यावाचून अगदी अडलं असा प्रसंग परवाच्या शनिवारी आला, तोही ग्रीसवरून. आम्ही आयर्लंडमध्ये डंडॉकला राहतो. इथे पाऊस पोटभर, बर्फ क्वचित, आणि पडला तरी दुपारपर्यंत त्याचा चिखल. अशा गावात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये स्नोमोबील आहे. बर्फावर चालवायची स्कूटर समजा, पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या आणि मागे रुंद रबरी पट्टा. ती त्याच्या भावाची. भावाने कॅनडाहून सामानाबरोबर आणली, इथे ठेवली आणि परत निघून गेला. जाताना सांगून गेला, की वर्षातून एकदा सस्पेन्शनला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या जोडांना, ग्रीस दे. म्हाताऱ्याने आठ वर्षं फोनवर नेमाने "दिलं, दिलं" म्हटलं. आता रविवारी भाऊ यायचा होता.

शनिवारी सकाळी म्हातारा कुंपणापाशी उभा, हातात ग्रीस भरायची पिचकारी, म्हणजे ग्रीस गन, चष्म्यावर ग्रीस. "एकाही निपलात जात नाही. तो आला की माझी खैर नाही." आणि मी, जी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, पटकन बोलून गेले, "मला येतं. माझे वडील बसडेपोत मेकॅनिक होते, त्यांनी शिकवलंय." आता जमलं नाही तर त्याच्याबरोबर तुमचीही अब्रू जाणार होती.

पहिला अर्धा तास मी म्हाताऱ्यासारखंच केलं, फक्त जास्त आत्मविश्वासाने. गन दाबली की ग्रीस निपलाच्या कडेने येऊन माझ्या बाहीत शिरत होतं. मग पान्याने चारही निपल, म्हणजे ग्रीस आत घालायची बोंडाएवढी तोंडं, काढले. रॉकेल हवं होतं. बाबा, तुम्ही थक्क व्हाल, इथे घर गरम करायला परसात टाकीभर रॉकेल असतं. ना रांग, ना कार्ड. वाटीभर घेतलं, निपल तासभर बुडवले आणि साडीला फॉल लावायच्या सुईने त्यांच्या तोंडातली बारीक गोळी दाबत बसले. पहिली गोळी आत जाऊन टचकन परत वर आली, तेव्हा मी ओरडलेच. लेक धावत आली. "मॅम, इज दॅट द श्रीखंड बोल?" होती. मी तिला प्रेसमधली, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातली, दुसरी घ्यायला सांगितलं.

निपल साफ झाले, बसवले, तरी मागच्या जोडात ग्रीस जाईना. म्हातारा म्हणाला, "राहू दे, इट'ल बी ग्रँड." इथे कुणी असं म्हणालं की समजायचं, आशा सोडली. मी फरशीवर फतकल मारून बसले, डोळे मिटले, आणि तुमचा वैतागलेला आवाज आला, "अरे, अख्खी गाडी अंगावर घेऊन उभा आहे तो जोड, त्याच्या तोंडात घास जाईल कसा? आधी भार उतरव." मी मोटारीचा जॅक लावून मागची बाजू उचलते. गन दाबते. आधी काहीच नाही, मग जरा कुरकुर, आणि जोडाच्या कडेने आठ वर्षांचं काळं ग्रीस गांडुळासारखं बाहेर येतं, त्याच्यामागून नवं. म्हाताऱ्याने टोपी काढली.

रविवारी भावाने गाडीवर बसून दोनदा उसळी मारून पाहिली. कुठे कुरकुर नाही. म्हाताऱ्याला मात्र राहवलं नाही, त्याने आठ वर्षांचं सगळं ओकून टाकलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने केलं. हिच्या वडिलांनी हिला शिकवलंय." मी मान डोलावली.

ते खरं नाही, बाबा. तुम्ही दादाला शिकवत होतात, स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र पसरून, आणि दादाचा कान रेडिओवरच्या क्रिकेटकडे. मी ओट्याशी पोळ्या करता करता सगळं ऐकत होते. न राहवून विचारलं, "बाबा, भार उतरवायचा म्हणजे कसा?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझी पोळी करपतेय." करपत होती, ते खरं. पण मला फार राग आला होता, अजून येतो. दादा आता टायरमध्ये हवा भरायलाही माणूस बोलावतो. म्हातारा इतका खरं बोलला, तेव्हा मीही बोलायला हवं होतं. नाही बोलले. हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते, पुढेही कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे, की मला माझ्या बाबांनी शिकवलं.