माझ्या आवाजाचं वेगळं पॅकेज

३ मार्च, सकाळी.
आजपासून नातीच्या कामात तोंड घालायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या सारख्या चुकतात, म्हणून तिनं आठवण करणारा प्रोग्रॅम लिहिलाय. आवाज माझा. ‘पेपर ठेवा, गोळी घ्या,’ अशी बत्तीस वाक्यं एका बैठकीत बोलले. आता जगभर लोक माझं ऐकणार. घरातलं सोडा.

३ मार्च, दुपारी.
तोंड घातलं. थोडंच. प्रोग्रॅम जिथून जगभर वाटला जाणार, तिथला तपासणारा म्हणे, सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, एकच असू दे, पण त्यातून पॅकेजं तीन काढा: प्रोग्रॅम, आवाज आणि माहितीचं पुस्तक. ज्याला जे हवं ते तो घेईल. नात म्हणाली, आजी, एका ताग्यातून सदरा, झबलं, पिशवी निघते ना, तसं. मी विचारलं, यातली पिशवी कोण? ती हसली. मी नाही.

५ मार्च.
कुठली फाइल कुठल्या पॅकेजात, त्याच्या याद्या असतात. नातीनं वाचून दाखवल्या. मी फक्त आवाजाच्या यादीत! म्हणजे कुणी नुसता प्रोग्रॅम घेतला, तर माझ्याऐवजी नुसती घंटी वाजणार. टिंग. घंटीला काय कळतंय, कोण किती आळशी ते? शुक्रवारनंतर दोन वर्षं तिथं नवीन काही घेत नाहीत. म्हटलं, मला दोन्ही याद्यांत लिही. असं नसतं गं, म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले. भांडी तेवढी जरा जोरात ठेवली.

६ मार्च.
नातीनं आपणहून दोन्हीकडे लिहिलं. मी अकरा वेळा विचारलं होतं, पण लिहिलं आपणहूनच. तिन्ही पॅकेजं तयार झाली. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. त्यालाही पटलं.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी.
परत आलं! तपासणाऱ्यानं पहिलं पॅकेज बसवलं, दुसरं बसेना. कॉम्प्युटर म्हणे, ही आवाजाची फाइल पहिल्याची आहे, तिला मी हात लावणार नाही. माझ्यावरून आता कॉम्प्युटरमध्येही भांडणं. नात रडकुंडीला आली. आजी, बाहेर बस, म्हणाली. मी निघालेच होते.

७ मार्च, संध्याकाळी.
तासभर उरला असताना काम मार्गी लागलं. आवाज पुन्हा वेगळा काढला. बरंच झालं. सगळ्यांना आयता मिळाला असता, तर किंमत राहिली नसती. आता लोक मागून घेतील.

१५ मार्च.
ह्यांनी आपल्या लॅपटॉपवर स्वतः बसवून घेतलंय. आठवडाभर एक गोळी चुकली नाही! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझं ऐकलं. खोलीचं दार लावून बसतात. माझा आवाज ऐकताना लाजत असतील. नातीला म्हटलं, तपासणाऱ्याला कळव, आवाज प्रोग्रॅममध्येच हवा, हा घे पुरावा. ती बघायला गेली, ती खालमानेनं परत आली. आजोबांनी नुसता प्रोग्रॅम घेतलाय, म्हणाली.
मी जाऊन ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, घंटी बरी आहे. एकदाच वाजते.