पाहिले. चमक नाही.

सोमवार, ३ मार्च
आज रुजू झाले. या पाणी-उपसा केंद्रात तीन मोठी डिझेल इंजिनं आहेत. प्रत्येक इंजिन माझ्या भाड्याच्या खोलीपेक्षा लांब. त्यांना नंबराने कुणी ओळखत नाही. थोरली, मधली, धाकटी म्हणतात. मुख्य फिटरना सगळे काका म्हणतात. नव्या सुनेला जावा दाखवाव्यात तशी त्यांनी मला तिघींची ओळख करून दिली. थोरली नुसती धुसफुसते, मधली गरीब गाय, धाकटीला मात्र जपा, ती रुसली की बोलत नाही, थेट तापते. मी हसले. पहिल्याच दिवशी सहसा मी हसत नाही.

गुरुवार, ६ मार्च
तेलाचे फिल्टर माझ्याकडे आले. प्रत्येक इंजिनाला फिल्टरची जोडी असते. दांडा फिरवला की तेल एकातून वाहतं आणि दुसरा उघडता येतो. काढलेला कागदी फिल्टर तसाच टाकायचा नाही. पात्याने कापायचा, घड्या उलगडायच्या, दिव्याखाली धरायच्या. आतलं बेअरिंग झिजत असेल तर घड्यांत धातूची चमक दिसते, आणि मग इंजिन ताबडतोब बंद. चमक नसेल तर नोंदवहीत लिहायचं, 'पाहिले. चमक नाही.' मी नुसतं 'ठीक' लिहिलं होतं. काकांनी खोडायला लावलं. म्हणाले, ठीक काय मॅडम, चहा कसा झालाय विचारलं तरी लोक ठीकच म्हणतात. डोळ्यांनी बघितलं असेल तरच 'पाहिले' लिहा.

बुधवार, १२ मार्च
धाकटीचा फिल्टर बदलला. तेलाचे व्हॉल्व्ह काकांनी फिरवले, फिल्टर मी बसवला. तेलाचा दाब चार बार, स्थिर.
चार वाजता ओळखपत्राचा फोटो होता. मी नखं घासून हात धुतले होते. जुना फिल्टर ट्रेमध्ये निथळत होता. कापला असता तर पुन्हा कोपरापर्यंत तेल. न कापताच कचऱ्याच्या पिंपात टाकला. 'पाहिले. चमक नाही.' लिहून सही केली. फोटो बरा आला आहे.

शुक्रवार, १४ मार्च
सकाळी अकराला धाकटीचं बेअरिंग जळालं. आतल्या तेलाच्या वाफेने पेट घेतला, बाजूचं झाकण उडालं. काका समोर उभे होते. चेहरा भाजला, डोळेही. मी जिन्यावर होते. मला ओरखडासुद्धा नाही.
दुपारी पिंपातून तो फिल्टर काढला आणि कापला. प्रत्येक घडीत चमक. गोळा केली तर चमचाभर भरेल.
परत पिंपात टाकला, चिंध्यांच्या खाली ढकलला. हे मी केलं. संध्याकाळी पिंप जाळायला गेलं.

सोमवार, १७ मार्च
साहेबांनी नोंदवही सगळ्यांसमोर वाचली. मॅडमनी पाहिलंय, चमक नव्हती. म्हणजे बेअरिंग झिजलेलं नव्हतं, त्याच्याकडचा तेलाचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून तेल कमी पडलं असणार, आणि व्हॉल्व्ह काकांच्या हातात होते. मागून वायरमन पुटपुटला की म्हातारबुवांनी आता नातवंडांचे पाळणे हलवावेत, व्हॉल्व्ह नको. दोघंतिघं हसले. तेव्हा बोलायला हवं होतं. मी वहीच्या शिवणीकडे बघत राहिले.

बुधवार, १९ मार्च
हॉस्पिटलमध्ये गेले. काकांच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत. एका डोळ्याची आशा आहे, असं काकी म्हणाल्या. काकांनी मलाच विचारलं, व्हॉल्व्ह खरंच अर्धा राहिला होता का हो? पूर्ण फिरवल्याचं त्यांना आठवतं. मग स्वतःच म्हणाले, पण तुम्ही पाहून लिहिलंय, म्हणजे चूक माझीच. चौतीस वर्षांतली पहिली. चौकशीचा कागद सोमवारी सहीला येणार आहे. काकी हात धरतील, ते सही करतील.
मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना दिसत नाही, तरीही.

गुरुवार, २० मार्च
नोंदवहीत १२ तारखेसमोर लाल शाईने लिहिलं, 'फिल्टर न कापता नोंद केली. चूक माझी.' साहेबांपुढे वही धरली. ते म्हणाले, तेच परत लाल शाईत कशाला?
लाल शाईत होतं: पाहिले. चमक नाही.
अक्षर माझं. सही माझी.

शुक्रवार, २१ मार्च
पानभर अर्ज लिहिला. दोनदा वाचला, बरोबर होता. साहेबांच्या हातात गेला तेव्हा त्यावर एकच ओळ. तीच.
मग तोंडाने सांगितलं. माझ्या कानांना खरं ऐकू आलं. साहेब म्हणाले, अहो तेच तर आम्ही म्हणतोय, तुमच्यावर कुणाची शंका नाही.

शनिवार, २२ मार्च
आईला फोन केला. रडत सगळं सांगितलं. आई म्हणाली, पाहिलंस ना, चमक नव्हती ना, मग रडतेस काय वेडे? तीनदा सांगितलं. तीनदा तेच —
सोमवारीच तोंड उघडलं असतं तर. तेव्हा शब्द माझे होते.

रविवार, २३ मार्च
काकींना चिठ्ठी दिली. त्यांनी मोठ्याने वाचली — ती ओळ. काका म्हणाले, किती वेळा सांगशील पोरी, मान्य आहे मला.
पोरी म्हणाले. मला.

सोमवार, २४ मार्च
अकराला सही. ही रोजनिशी अजून खरी आहे. आत्ता वाचली — १२ तारीख आहे तशी आहे. हीच काकींपुढे उघडून धरणार. सगळी. पिंपाचंसुद्धा.
हॉस्पिटलच्या पायरीवर आहे. साहेब कागद घेऊन आत गेले. इथे शेवटी पुन्हा एकदा नीट, माझ्या हाताने लिहून ठेवते, म्हणजे काकींना शोधावं लागणार नाही —
त्या दिवशी मी फिल्टर कापला नाही. मी तो न पाहता — न — मी तो पाहिले. चमक
नाही, मी न पाहि
ले. चमक ना