ठोके बासष्ट

धारूर, २ सप्टेंबर २०२५

ती. करिष्माताईस उत्तरेश्वरचा साष्टांग नमस्कार.

मोबाईल मीच आपटला, म्हणून पत्र. आईच्या फोनवर बोलावं तर आई जागची हलत न्हाई. अंजूला मागणी घालायला गेलतो. तिचे वडील बंकटकाका म्हणाले, प्राचार्यांच्या अंगावर धावून कॉलेज सोडलेल्या भडक डोक्याला पोरगी देणार न्हाई. दिवाळीनंतर तिला दुसरीकडं उजवणार हायत.

उन्हाळ्यात तू तुझ्या संशोधनासाठी माझ्या मनगटाला ठोके मोजायचं घड्याळ बांधून आठवडाभर नोंदी घेतल्यास. त्यात शनिवारी केजला जाणाऱ्या जीपमधी अंजू तासभर शेजारी होती. तवा काळीज लई उसळलं असणार! तेवढं लिस्बनच्या परिषदेत पडद्यावर दाखव आणि प्रेम सिद्ध झाल्याचा दाखला धाड. जगातले शास्त्रज्ञ सही करतील, असं काकांना सांगून बसलोय.

आईचे गुडघे बरे हायत. लोभ दाखल्यासकट यावा.

तुझा उत्तरेश्वर

लिस्बन, ११ सप्टेंबर

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

इथं स्वायत्त मज्जासंस्थेवर, म्हणजे आपल्याला न विचारता हृदय नि पोट चालवणाऱ्या नसांवर, चाळीस देशांची माणसं बोलतायत. चहा मात्र एकालाही जमत नाही. तुझा आलेख नाव न सांगता दाखवला: सहभागी क्रमांक सात. जागेपणी तुझे ठोके नव्वदच्या खाली येतच नाहीत. म्हशीवरही चिडतोस की काय? जीपमधल्या तासात मात्र बासष्ट. एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारलं, सात नंबर झोपला होता का. मी म्हटलं, शेजारी त्याची आवडती मुलगी होती. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मुलगी भाग्यवान आहे.

दाखले इथं कुणी देत नसतं रे. घड्याळ तुझ्याकडंच राहू दे. राग आवरून लोभ वाढवावा.

तुझी ताई

धारूर, २६ सप्टेंबर

ताईस नमस्कार, तोही रागातच.

बासष्ट? प्रेमात पडलेल्याचं काळीज इतकं मुर्दाड? घड्याळ बिघडलंय. चाळीस देशांत अब्रू घालवलीस! पत्र फाडणार होतो, पण आईनं दाखला समजून ते काकांकडं पोचतं केलं. आता तोंड कुठं लपवू? परिषदेला कळव, सात नंबर रद्द करा म्हणून.

लोभ सध्या बंद हाय.

उत्तरेश्वर

धारूर, ४ ऑक्टोबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार. लोभ पुन्हा चालू.

काकांनी घड्याळासकट बोलावलं. चष्मा लावून माझं मनगट धरलं आणि एकेक उकरून काढलं: कॉलेज, प्राचार्य, फुटका मोबाईल. आकडा एकशे अठरा. मी उठून चालायलाच लागणार, तेवढ्यात अंजू पाणी घेऊन आली नि समोर बसली. काकांनी पुन्हा तेच सगळं काढलं, वर माझ्या अकलेचंही. आकडा उतरत गेला. सत्तरला आल्यावर त्यांनी मनगट सोडलं. म्हणाले, देतो, पण आधी कॉलेज पुरं कर.

मी प्राचार्यांची माफी मागून आलो. अंजू त्यांच्या केबिनच्या दारात उभी होती.

ताई, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तांब्या उचलता उचलता अंजूनं गंमत म्हणून घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं. तोंडावर काही न्हाई, पदर सावरून माझ्याकडं नुसती बघत होती. आकडा एकशे चौतीस. काकांनी चष्मा काढून ठेवला.

तुझ्या चाळीस देशांना विचार, आठ नंबर हवाय का. दोघांवर लोभ असू दे.

तुझा उत्तरेश्वर