घागरीवरचा खडू

परंडा तालुका
१७ एप्रिल १९८६

प्रिय बाई,

मोठ्यांना 'आदरणीय' लिहायची आपली रीत. पण इंग्रजी पत्रात आईलाही 'डियर' आणि साहेबालाही 'डियर', हे तुम्हीच सहावीत शिकवलं होतं, म्हणून धीर करून 'प्रिय' लिहिलं. तुमचा पत्ता पिराजीनं दिला. मागच्या महिन्यात नळदुर्गच्या स्टँडवर भेटला. आता आपल्या गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे, अंगानं सुटलाय. तुमचं नाव निघालं तर आधी मिलोचीच गोष्ट काढून हसला.

तुम्हाला आठवते का ती? मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामं चालली होती. पुस्तकात सफरचंद होतं, जे आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. तुम्ही पुस्तक मिटलं आणि घरात जे आहे तेच घेतलं. भाकरी मोजता येते, पीठ नाही. दगड मोजता येतो, माती नाही. पिराजी उठून म्हणाला, ज्वारीचे दाणे मोजता येतात की. तुम्ही त्याला रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची मूठ दिलीत आणि मोजायला बसवलंत. दोनशेच्या पुढं तो चुकला. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता कळलं, इंग्रज का कंटाळला?" त्या त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही पोटभर असे फार थोड्या वेळा हसलो असू.

एक गोष्ट मात्र पिराजीला ठाऊक नाही. त्या धड्याच्या आधीचे अकरा दिवस मी शाळेत नव्हते. माझी आई, गुलाब, पहाटे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. टँकर नऊला यायचा. त्याच्या एका अंगाला गावाच्या घागरी, दुसऱ्या अंगाला आमच्या बौद्ध वस्तीच्या. गावाच्या सगळ्या भरल्या की मग आमच्या. पहाटे चारला घागर ठेवली तरी आमची पाळी शेवटीच, आणि तोवर टाकीच्या तळाचं तांबडं पाणी उरलेलं. मी दुपारपर्यंत तिथंच असायची. आईनं ठरवूनच टाकलं होतं की आता शाळा पुरे.

तुम्ही घरी आलात. आईला काही समजावून सांगितलं नाहीत, मला रागावलाही नाहीत. आमची घागर कुठं असते आणि टँकर कधी येतो, एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा टँकरच्या जागी, लिंबाखाली भरली; मिलोचा धडाही तिथलाच. मी घागरीपाशी उभी होते आणि तुम्ही तिथंच माझी हजेरी लावली. मग खडूचे दोन तुकडे झाले, अर्धा मला दिलात. गावाच्या घागरींवर तुम्ही इंग्रजी आकडे घालायचे, वस्तीच्या घागरींवर मी, दोन्हीकडं मिळून एकच मोजणी, जी घागर जशी आली त्या क्रमानं. मला वाटलं, खडू वाचवताय. शाळेला महिन्याला एकच डबा मिळायचा.

आईच्या घागरीवर मी सात लिहिला. मग वर्गाला तुमचा प्रश्न, 'हाउ मेनी पॉट्स?' आम्ही मोजून सांगितलं. 'हाउ मच वॉटर?' पाणी मोजायचं तर आधी भांड्यात घ्यावं लागतं, हे तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात टँकर आला.

पुढं जे झालं ते तुमच्या मनात आधीपासून होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. खडीच्या कामावर मुकादम प्रत्येक ढिगावर चुन्यानं इंग्रजी आकडा घालायचा, आणि त्या आकड्याला कुणी हात लावत नसे. इंग्रजी आकडा म्हणजे सरकारी, एवढं सगळ्यांना पक्कं माहीत. ड्रायव्हरनं घागरी बघितल्या आणि म्हणाला, "नंबर लागले व्हय? बरं झालं, रोजची कटकट मिटली." एक, दोन, तीन करत नळी या अंगाहून त्या अंगाला फिरायला लागली. सातवी घागर भरली तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की तळाचा पोचा दिसत होता.

तुमच्या सासूबाई उशिरा आल्या. त्यांच्या घागरीवर तुम्हीच तेवीस लिहिलात. त्या कन्नडमध्ये तुम्हाला बरंच बोलल्या. तुम्ही घागर बावीसच्या मागं सरकवलीत.

मग सरपंच आबाराव आले. त्यांनी विचारलं, "बाई, ह्यो हुकूम तहसीलचा का तुमचा?"

"मी हुकूम काढत नाही, आबाराव. शिकवते. धडा मोठा आहे, पाऊस पडेपर्यंत इथंच चालेल."

तुम्ही खोटं बोलला नाहीत, आणि त्यांचा गैरसमजही दूर केला नाहीत. आबाराव आकड्यांवर नजर टाकून निघून गेले. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बाईनं नंबर घातलाय. आता तू जा साळंला, घागर आपली राहती जाग्यावर." मी सातवीला गेले, मॅट्रिक झाले, डी.एड. झाले. इथं इंग्रजी शिकवते. तुमच्यासारखं आवाज न चढवता शिकवायला मला चार वर्षं लागली.

पत्राचं कारण आता सांगते. यंदा इथंही टँकर सुरू झालाय, आणि इथंही दोन रांगा आहेत. माझ्या वर्गातल्या हरणा नावाच्या मुलीची नऊ दिवस गैरहजेरी लागली होती. आज सकाळी मी वर्ग टँकरपाशी नेला. तुम्ही मला फक्त वस्तीच्या घागरी दिल्या होत्या, कारण गावानं माझा हात लागू दिला नसता, हे मोठेपणी उमजलं. आज मी सगळ्या घागरींवर लिहिलं, दोन्ही अंगांच्या, एका हातानं कड धरून. लोक बघत होते. एका म्हाताऱ्यानं घागर मागं ओढली, मी थांबले, मग त्यानंच ती पुढं केली. हरणाच्या घागरीवर चार लिहिताना खडू मोडला. मी मोडला नव्हता, बाई. हात इतका कापत होता की तो आपोआपच मोडला. अर्धा तुकडा खाली पडला, हरणानं उचलला आणि मला वाटतं तिलाही वाटलं असेल, बाई खडू वाचवतायत.

तेव्हा कळलं, त्या दिवशी तुमचाही खडू असाच मोडला होता, आणि घरी येताच लिहायला बसले.

तुमचीच,
मुक्ता